बत्तीस मण म्हणजे नेमकं किती ओझं?

मुलीला रायगडाची गोष्ट सांगताना एक वाचक अडले. ‘बत्तीस मण सोन्याचं सिंहासन’ म्हटल्यावर मुलीने विचारलं, म्हणजे किती जड? त्यांचं म्हणणं, नुसते किलो सांगू नका, तिच्या डोळ्यांपुढे उभं राहील असं सांगा. जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की ‘मणभर’ आणि ‘खंडीभर’ यांचा अर्थ एकच का?

आधी सिंहासन. बत्तीस मणांचा उल्लेख सभासद बखरीतला, म्हणजे राज्याभिषेकानंतर वीसेक वर्षांनी लिहिलेला. तो मण कुठला, हे बखरीत सांगितलेलं नाही. तेव्हाच्या वाचकाला ते सांगायची गरजही नव्हती. अडचण आपली आहे, कारण मण हे एकच एक वजन कधीच नव्हतं.

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेला मण चाळीस शेरांचा आणि शेर ऐंशी तोळ्यांचा. कंपनी सरकारने १८३३ साली बांधून दिलेला हा मण ३७.३ किलोचा, घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जड. या हिशेबाने बत्तीस मण म्हणजे जवळपास १,१९४ किलो: सिमेंटची चोवीस पोती. पण मुंबईच्या बाजारातला जुना मण २८ पौंडांचाच, म्हणजे १२.७ किलो. सिलिंडरमध्ये नुसता गॅस १४.२ किलो भरतो, त्याहूनही हा मण हलका. मग सिंहासन ४०६ किलोंवर येतं, आठ पोती. आणि काही जण चोवीस तोळ्यांचा शेर नि सोळा शेरांचा मण धरतात. त्या मापाने उरतात सुमारे १४३ किलो, तीन पोतीसुद्धा पुरती नाहीत.

सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड असतं, म्हणून मुलीला पोत्यांपेक्षा आकारमान सांगा. चोवीस पोत्यांइतकं सोनं वितळवलं तर पाण्याचे वीस लिटरचे तीन जार भरतील. आठ पोत्यांचं सोनं एक जार भरून थोडं उरेल. तीन पोत्यांच्या सोन्याने तर पंधरा लिटरचा तेलाचा डबा अर्धाच भरेल. मला विचाराल तर सांगताना ‘बत्तीस मण’ असंच सांगावं आणि मण कोणता धरला ते लगेच जोडावं. १८३३ चा मण १६७४ च्या रायगडावर परस्पर नेऊन ठेवणं मला पटत नाही, आणि ‘बाराशे किलो’ म्हणणारे नेमकं तेच करतात.

शब्द मात्र या साऱ्या मापांहून जुना आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात ‘मना हिरण्यया’ असं सोन्याच्या ‘मना’चं मागणं आहे, आणि अभ्यासक त्याचं नातं बॅबिलोनच्या साधारण अर्ध्या किलोच्या ‘मिना’ या वजनाशी जोडतात.

आता मणभर आणि खंडीभर. वीस मणांची एक खंडी, तेव्हा खंडी मोठी. तरी दमल्यावर आपण ‘पाय मणामणाचे झाले’ म्हणतो, ‘खंडीखंडीचे झाले’ म्हणत नाही. उलट कामं खंडीभर असतात, पाहुणे खंडीभर येतात. मणात जडपणा आहे, खंडीत संख्या आहे. मला याचं कारण वापरात दिसतं. मण माणूस पाठीवर घेतो, त्याचा भार त्याच्या अंगाला ठाऊक असतो. खंडी कुणी उचलत नाही, ती खळ्यावर किंवा कणगीत नजरेने बघायची. शिवाय खंडी हे नुसतं वजन नाहीच. धान्य पायलीने मापत, तेव्हा वीस मापी मणांचीही खंडीच होई, आणि धनगराच्या मोजणीत वीस मेंढरांची खंडी होते. वीस हा आकडा त्या शब्दात मुरलेला आहे. म्हणून ‘मनावर खंडीभर दडपण’ असं कुणी लिहिलं तर कानाला खटकतं. तिथे मणच हवा.

दशमान मापं १९५८ पासून आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली, तसा मण व्यवहारातून गेला आणि भाषेत राहिला. खंडी मात्र बाजारातही टिकली, तीही कापसामुळे. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव आजही खंडीवर बोलला जातो, आणि ही खंडी ३५६ किलोंची. १७० किलोंच्या दोन गाठी ठेवून वर सोळा किलो रुई टाकली की ती पुरी होते. धान्याच्या खंडीशी तिचा मेळ घालू नका, बसत नाही.