मुनीमकाकांना परत घेताना

प्रश्न: लातूर एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे, चौदा माणसं कामाला. वडिलांनी 1994 मध्ये ठेवलेल्या मुनीमकाकांना मी मे 2024 मध्ये काढून टाकलं. स्टॉक मोजला तेव्हा तुरीचे 50 किलोचे 26 कट्टे कमी भरले. गल्ल्यात त्यांच्या नावाची 42,000 ची उचल निघाली. चिठ्ठी होती, पण माझी सही नव्हती. रागाच्या भरात हमालांसमोर किल्ल्या काढून घेतल्या, उद्यापासून पायरी चढू नका म्हणालो. पोलिसांत तक्रार अर्ज दिला (गुन्हा नोंदला गेला नाही), जूनमध्ये पेपरात फोटोसह जाहीर नोटीस दिली. आता नव्या अकाउंटंटने जुन्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) लावल्यावर कळलं की त्या फेब्रुवारीतली 300 क्विंटल तूर 14 टक्के ओलाव्याची होती आणि मेमध्ये मिलवर घातली तेव्हा 10 टक्क्यांवर आली होती. आम्ही घट धरलीच नव्हती. काकांनी मार्च 2025 मध्ये सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. ऑक्टोबर 2024 पासून ते एका किराणा दुकानात आठ हजारांवर हिशोब लिहितात. शेवटचा पगार 18,200 होता. भागीदार असलेला धाकटा भाऊ म्हणतो, परत घेतलं तर बाकीचे डोक्यावर बसतील. मला त्यांना घ्यायचं आहे, पण 'नवीन नेमणूक' म्हणून आणि मागचं काही मागणार नाही असं पाचशेच्या बाँडवर लिहून घेऊन. चालेल का?

उत्तर: नाही चालणार. तुमचं मन योग्य ठिकाणी आहे, पण कागद तुम्ही चुकीचा निवडला आहे.

तुम्ही 'परत घ्यायचं' म्हणता, जणू ते रीतसर गेले होते. कायद्याच्या नजरेत तुम्ही त्यांना नीट काढलेलंच नाही. आरोपपत्र नाही, खुलासा मागितला नाही, चौकशी नाही. एका महिन्याची नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही. वर्षात 240 दिवस काम केलेल्या माणसालाही असं काढता येत नाही. इथे तर 30 वर्षांची नोकरी आहे. चौकशीशिवाय चोरीचा ठपका ठेवून काढलं तर ती बडतर्फी टिकत नाही, आणि ती साधी कामावरून कमी करण्याची कारवाई होती म्हणाल तर नोटीस आणि भरपाई सक्तीची करणारं औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 25 फ आडवं येतं. दोन्ही वाटांनी तुम्ही अडकता. तेव्हा प्रश्न त्यांना घ्यायचं की नाही हा उरलेला नाही. ते ज्या जागेवर होते, त्या जागेवर त्यांना कसं बसवायचं, एवढंच ठरवायचं आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, हे तुमचा अकाउंटंट सांगेल. पण तुमची कृती मे 2024 ची आणि काकांचा अर्जही त्याआधीचा, म्हणून मी सगळा हिशोब जुन्या कायद्यांवर धरतो आहे.

मोबाईलवर तुम्ही पाठवलेल्या काटापट्ट्या मी दोनदा वाचल्या. 14 टक्के ओलाव्याची 100 क्विंटल तूर 10 टक्क्यांवर सुकली की साधारण साडेपंच्याण्णव क्विंटल राहते. 300 क्विंटलला तेराच्या थोडी वर घट येते. तुमचे 26 कट्टे म्हणजे बरोबर 13 क्विंटल. ही तूर कुणी नेली नाही; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ती वाळली. आणि घटीचा हा हिशोब तुमच्या मिलमध्ये सगळ्यात चांगला कुणाला येत होता? 30 वर्षं काटापट्ट्या लिहिणाऱ्यालाच. कामगाराचं म्हणणं ऐकून घ्या, असं कायदा सांगतो तो उगाच नाही. त्या दिवशी किल्ल्या हिसकावण्याआधी 'काका, हे 26 कट्टे कुठे गेले?' एवढं विचारलं असतं तर त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ओलाव्याचा हिशोब मांडला असता.

भागीदार बंधूंचा एक मुद्दा मला अपेक्षित आहे: मुनीम म्हणजे मॅनेजर, त्याला कामगार कायदा लागू नाही. असं समजून बरेच मालक फसतात. पदाला काय म्हणता याला महत्त्व नाही. रोजकीर्द-खतावणी लिहिणं, काटापट्ट्या जुळवणं, हमालांचा हिशोब करणं हे कारकुनी काम आहे, आणि कारकुनी काम करणारा माणूस कामगारच ठरतो, पगार कितीही असो. माणसं नेमायचे-काढायचे किंवा चेकवर सही करायचे अधिकार त्यांना होते का? तुमच्या पत्रात तसं काही नाही.

आता पैशाचं बोलू. ऑगस्ट 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं की बेकायदा काढलेल्या माणसाला सेवेच्या सातत्यासह आणि मागच्या पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम आहे. मधल्या काळात तो दुसरीकडे कमावत होता, हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते. तुमचं प्रकरण त्यात चपखल बसतं. वीस महिन्यांचा पगार धरला तर 3,64,000. किराणा दुकानातले पंधरा महिन्यांचे 1,20,000 वजा केले तर 2,44,000. हा आकडा दर महिन्याला वाढतो आहे. कामगार अधिकाऱ्यांकडे सलोख्याचा (तडजोडीचा) अर्ज करून 45 दिवस केव्हाच उलटले, त्यामुळे काका आज मनात आणलं तर थेट कामगार न्यायालयात जाऊ शकतात. तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि तुम्ही औरंगाबाद खंडपीठात गेलात, तर ते दुसरीकडे पुरेशा पगारावर नसल्यास तिथलं प्रकरण संपेपर्यंत शेवटचा पगार दरमहा द्यावा लागतो. काम न घेता.

'नवीन नेमणूक' का नको, हे एका जुन्या अशिलावरून सांगतो. परभणीकडच्या एका जिनिंगवाल्याने असाच जुना माणूस परत घेतला, नव्या तारखेच्या नेमणूकपत्रावर. चार वर्षं आठ महिन्यांनी त्या माणसाच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तो घरी बसला. मालक म्हणाला, पाच वर्षं भरली नाहीत, ग्रॅच्युइटी नाही. मागच्या नोकरीचं तर तू सोडूनच दिलंस. ते भांडण मी मजुराच्या बाजूने लढलो. जिंकलो, पण तोवर त्या माणसाची लेक सासरी गेली होती आणि जावयाकडून उसने घेतलेले पैसे त्याला निकालानंतर फेडावे लागले. तुमच्या काकांची मे 2024 पर्यंतची ग्रॅच्युइटी काढून पाहा: 18,200 ला 26 ने भागा, 700 रुपये रोज, गुणिले 15, गुणिले 30 वर्षं. 3,15,000 होतात. नव्या तारखेच्या एका पत्राने ही रक्कम तुम्ही वादात ढकलणार आहात.

बाँडचंही तेच. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ग्रॅच्युइटीचा जुना कायदा लागू होतो, आणि त्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे त्याच्या विरुद्ध जाणारा कुठलाही करार चालत नाही. काकांनी सही केली तरी ती सही तुम्हाला वाचवणार नाही. उलट, कोर्टात त्यांचा वकील तोच बाँड पुढे करून म्हणेल, पाहा, आमच्या माणसाला परत घेतानाही कसं दाबलं.

त्याऐवजी असं करा. कामगार अधिकाऱ्यांपुढच्या पुढच्या तारखेला तडजोडीचा मसुदा घेऊन जा आणि तिथेच, त्यांच्यासमोर सह्या करा. सलोख्याच्या कार्यवाहीत झालेला करार दोघांनाही बांधतो; घरी केलेल्या कागदाला ते वजन नाही. त्यात चार ओळी नक्की असाव्यात: काका 1994 पासूनच्या सलग सेवेत आहेत, मे 2024 ची कारवाई मागे घेतली, 2,44,000 मागचा पगार दोघांना मान्य हप्त्यांत, त्यांचा अर्ज निकाली. भागीदारी असल्याने भावाचीही सही घ्या, नाहीतर उद्या तेच म्हणतील, मला विचारलं नव्हतं.

42,000 ची उचल याच्यात मिसळू नका. ती खरी आहे, आणि ती विसरून जा असं मी म्हणणार नाही. चिठ्ठी ठेवून पैसे उचलणं चोरी नाही, पण सहीविना गल्ल्यातून काढणं ही शिस्तीची चूक आहे. ती वेगळ्या कागदावर लिहा: रक्कम काकांना मान्य, दरमहा 1,500 पगारातून कपात, यापुढे 2,000 च्या वरची उचल मालकाच्या सहीशिवाय नाही. हा नियम सगळ्या चौदा जणांना लागू करा, फक्त काकांना नको. गोदामाच्या किल्ल्या दोघांकडे ठेवा, आवक होताना ओलावा मोजा, महिन्याला घटीसह मोजणी करा. भाऊ ज्याला भितात ते डोक्यावर बसणं असल्या नियमांनी थांबतं. हमालांना ते 26 कट्टे आठवतात. त्यांनी तो प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे. मालकाने चूक दुरुस्त केलेली पाहिली तर ते डोक्यावर बसतील, असं मला तरी वाटत नाही.

तुम्ही उल्लेख ओझरता केलात, पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते जाहीर नोटिशीचं कात्रण. पासपोर्टसाठी काढलेला फोटो, खाली 'सदर इसमाशी कोणीही आर्थिक व्यवहार करू नये, केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही'. तीस वर्षं अडत बाजारात ज्यांच्या शब्दावर माल उतरवला गेला, त्यांच्याबद्दल. बदनामीच्या फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे काकांच्या हातात जून 2027 पर्यंत तोही मार्ग आहे. ते तो वापरतील असं मी म्हणत नाही. पण मागचा पगार दिला, खुर्ची दिली आणि ती नोटीस तशीच राहिली, तर किराणा दुकानात त्यांना आठ हजारांवर का बसावं लागलं याचं उत्तर बाजारात अजूनही 'चोरी केली म्हणून' असंच राहील.

तेव्हा त्याच पेपरात, त्याच मापाची नोटीस द्या. मजकूर मी लिहून ठेवतो: 'जून 2024 मध्ये आमच्या मुनीमांविषयी प्रसिद्ध केलेली जाहीर नोटीस आम्ही मागे घेत आहोत. मालातील तूट ही नैसर्गिक घट असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. ते 1994 पासून आमच्या सेवेत असून त्यांच्याशी पूर्वीप्रमाणे व्यवहार करावा.' त्यांचा फोटो पुन्हा छापायचा की नाही, हे त्यांना विचारा. पोलीस ठाण्यातही दोन ओळींचा अर्ज द्या की तक्रार गैरसमजातून होती आणि आपली काही तक्रार उरलेली नाही. पोचपावती घेऊन ती करारासोबत लावा.

माझे काही सहकारी तुम्हाला सांगतील, तारखेआधी काकांना भेटू नका, माफी मागू नका, ते तुमच्यावरच उलटेल. माझं मत वेगळं आहे. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. काटापट्ट्या सगळं सांगतात. मुलाला किंवा मध्यस्थाला पाठवू नका. स्वतः जा, भावाला बरोबर न्या, आणि बाँड घरीच ठेवा. काका लगेच हो म्हणतील असं धरून चालू नका. कदाचित ते म्हणतील, मला तुमची नोकरी नको, माझा हिशोब द्या. तोही त्यांचा हक्क आहे, आणि तेव्हा मागच्या पगाराखेरीज 3,15,000 ग्रॅच्युइटी, उशिराचं दहा टक्के व्याज आणि वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे भरपाई असा हिशोब मांडावा लागेल. तो मी वेगळा काढून देईन.

तारखेला येताना फेब्रुवारी 2024 च्या मूळ काटापट्ट्या आणा, झेरॉक्स नको. आणि त्या दिवशी काढून घेतलेल्या किल्ल्याही.