घरच्या घरी वाफेवर चालणारं छोटं रेल्वे इंजिन बनवता येतं का? मी खानापूरला राहतो, सुरुवात कुठून करू?

येतं की. पण आधी अंगणात रूळ टाकत बसू नका. पहिला बॉयलर.

बाकीचं सगळं बेळगावात होतं. उद्यमबागेत चाकं बीडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतून मिळतील, सिलिंडर बोअर करून मिळेल. तिथला टर्नर आधी "खेळणं काय हो हे?" म्हणून हसतो आणि मग तुमच्यापेक्षा जास्त जीव लावतो.

रुळांतलं अंतर ४५ मिमी ठेवलं तर इंजिन गॅसवर किंवा स्पिरिटवर चालतं आणि ३ मीटर त्रिज्येचं वळण पुरतं. मागे बसून फिरायचं असेल तर ५ इंची आणि कोळसा. आपली जुनी मीटरगेज त्यात साधारण १:८ बसते, म्हणून लोंढा लाईनवरचं वायपीच, म्हणजे मीटरगेजचं ते जुनं वाफेचं इंजिन, करावं असा मोह होतो. टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, ते दोन मीटरच्या वर जातं. नको. चार चाकांचं शंटिंग इंजिन धरा.

बॉयलर तांब्याचाच. टोकाच्या प्लेटांच्या कडा पोलादी साच्यावर ठोकून वळवायच्या. ठोकता ठोकता तांबं कडक होतं, बद्द आवाज जाऊन टणटण वाजायला लागतं. तेव्हा थांबायचं, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. तसंच ठोकत राहिलात तर कोपऱ्याला चीर गेलीच म्हणून समजा. जोड चांदीच्या डागाचेच हवेत, तो ६०० अंशांच्या वर वितळतो. ८० पौंड दाबाची वाफच १६० अंशांची असते आणि कथलाचा डाग २०० च्या आसपास सुटतो. पाणी खाली गेलं की संपलं.

मग चाचणी. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरा, आतली हवा पूर्ण काढा आणि हातपंपाने दुप्पट दाब द्या, म्हणजे ८० वर चालवायचं तर १६०. अर्धा तास काटा हलता कामा नये. थंड पाणी जवळपास दाबलंच जात नाही, त्यामुळे जोड सुटला तरी नुसतं गळतं. गॅरेजवाला "कॉम्प्रेसर लावू या" म्हणेल, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. हवेने बॉयलर फुटला तर तुकडे उडतात.

सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि पाणी भरायच्या दोन वेगळ्या सोयी, यात काटकसर नको. बोअरचं पाणीही नको, आत क्षार धरतो. खानापूरला पावसाला काय तोटा, पन्हाळीखाली पिंप ठेवा.