भारतात नेमक्या किती भाषा बोलल्या जातात? प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा का दिसतो?

तुम्ही म्हणता की कुठे २२ वाचायला मिळतं, कुठे १२१, कुठे १३६९, तर कुठे थेट १९,५६९. मग यातलं खरं कोणतं? चारही खरे. फक्त प्रत्येक आकड्यात वेगळी गोष्ट मोजली आहे.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी जी नावं सांगितली, ती जशीच्या तशी धरली तर १९,५६९ भरली. छाननी करून त्यातल्या १३६९ मातृभाषा ठरवल्या. मग जवळच्या बोली एका नावाखाली घालून, किमान दहा हजार बोलणारे असलेल्याच ठेवल्यावर १२१ भाषा झाल्या. त्यापैकी २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत.

ही अनुसूची सुरुवातीला १४ भाषांची होती, मागण्या आणि आंदोलनं होत गेली तशी वाढली. बोलणारे किती, यावर ती ठरत नाही. संस्कृत मातृभाषा सांगणारे २०११ साली पंचवीस हजारही नव्हते, ती यादीत आहे. भिली बोलणारे एक कोटीच्या वर, ती बाहेर. मला हे मनापासून खटकतं.

खरी गंमत 'एका नावाखाली घालणं' या कामात आहे. हिंदीच्या रकान्यात पन्नासहून जास्त मातृभाषा येतात. त्यात एकटी भोजपुरीच पाच कोटींची. मैथिलीसुद्धा १९९१ पर्यंत तिथेच मोजली जायची. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने ती अनुसूचीत आली आणि तिचा रकाना वेगळा झाला. मिथिलेतल्या माणसाच्या बोलण्यात तेवढ्याने काहीच बदललं नव्हतं.

आणि दहा हजारांची अट? आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला, निहाली नावाची भाषा आहे. तिच्या शेजारची कोरकू ही संथालीच्या कुळातली, गोंडी द्राविडी, मराठी आर्य कुळातली. निहालीत या सगळ्यांचे शब्द आहेत, पण तिचा गाभा जगातल्या कुठल्याही ज्ञात कुळाशी जुळत नाही. एवढ्या टापूत इतकी वेगवेगळी कुळं एकमेकांशेजारी नांदतात, हे मला अजूनही थक्क करतं. पण बोलणारे काही हजारच, त्यामुळे १२१ मध्ये निहालीचं नाव तुम्हाला सापडणार नाही.

आता घरचं सांगतो. आम्ही धुळ्याकडचे, घरात अहिराणी. आमच्यात 'आहे' ला 'शे' म्हणतात, मुलीला 'आंडेर'. 'तुझं नाव काय आहे?' हे 'तुन्हं नाव काय शे?' असं विचारतात. २०११ साली प्रगणक आले, ओट्यावर बसून फॉर्म भरू लागले. मातृभाषेच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी विचारलं, तर वडील लगेच म्हणाले, "मराठी." आणि त्याच दमात आत वळून बहिणीला हाक मारली, "चहा मांड वं माय!" मी शेजारीच उभा होतो, पण तेव्हा मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. शाळेत मराठी, कागदावर मराठी. अहिराणी ही फॉर्ममध्ये लिहायची गोष्ट आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत तर अहिराणीत उत्तर दिलं की वर्ग हसायचा. प्रगणकाचाही काही दोष नाही, सांगितलं तेच त्याने लिहायचं असतं.

म्हणून कुठलाही आकडा वाचताना दोन प्रश्न विचारा: लोकांनी काय सांगितलं, आणि सांगितलेलं कुठल्या रकान्यात गेलं? अहिराणी जनगणनेत 'खान्देशी' या नावाखाली येते. २०११ चा तिचा आकडा साधारण १८ लाख ६० हजार आहे. त्यात आमच्या घरातली पाच माणसं नाहीत.