एलएम३३९ (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या कंपॅरेटरांचा आयसी) वापरून इन्व्हर्टरच्या बॅटरीचा इंडिकेटर केलाय : बॅटरी उतरली की लाल एलईडी आणि बझर, चांगली असेल तर हिरवा. लाल एलईडी लागतो, हिरवा लागत नाही, लाइट गेल्यावर बझर नुसता तडतडतो. आयसी बदलूनही तेच. काय करू?

आयसी आणखी आणू नका, तो चांगलाच असणार. इथे दोन वेगवेगळे घोळ आहेत.

आधी हिरवा. तुम्ही लाल एलईडी प्लसपासून आउटपुटला जोडलाय आणि हिरवा आउटपुटपासून ग्राउंडला. ३३९चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं. आत फक्त खाली ओढणारा ट्रान्झिस्टर आहे, वर ढकलणारं काहीच नाही. त्यामुळे लाल लागतो आणि हिरव्याला करंट द्यायला कुणी नसतं. हिरवाही लालसारखाच प्लसपासून आउटपुटला जोडा आणि हिरव्याच्या कंपॅरेटरच्या दोन इनपुटची अदलाबदल करा: झेनरचा संदर्भ (झेनर डायोडने दिलेला स्थिर व्होल्टेज) + पिनला, बॅटरीकडून आलेला व्होल्टेज − पिनला. एलईडीच्या सिरीजला १ के (किलोओहम) रेझिस्टर आहे तो ३.३ के करा. हा आयसी हमखास ६ मिलिअँपिअरच ओढतो, आणि आजचे एलईडी ३ मिलिअँपिअरलाही व्यवस्थित दिसतात.

आता बझर. तो लाइट गेल्यावरच तडतडतो असं तुम्ही लिहिलंय, आणि सगळी गोम तिथेच आहे. ५० हर्ट्झचा इन्व्हर्टर बॅटरीतून करंट सरळ ओढत नाही, सेकंदाला १०० वेळा हिसके देत ओढतो. बॅटरीचा व्होल्टेज तसाच वरखाली होतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो म्हणून ११.५ स्थिर दिसतात, पण कंपॅरेटरला प्रत्येक हिसका दिसतो आणि तो इमानेइतबारे प्रत्येक वेळी पलटतो. त्या वेळी लाल एलईडी जरा मंद दिसत असेल, बघा.

बॅटरीचा व्होल्टेज विभागणाऱ्या १० के–३.३ के रेझिस्टरांच्या मधल्या बिंदूपासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हिसके तिथेच मरतील. पण तेवढ्याने भागत नाही, कारण घरातला एखादा पंखा बंद केला तरी बॅटरी थोडी सावरते आणि बझर गप्प होतो, मग पुन्हा सुरू. यासाठी हिस्टेरेसिस, म्हणजे लागण्याच्या आणि विझण्याच्या व्होल्टेजमध्ये थोडं अंतर, हवाच. मधल्या बिंदूपासून लालच्या कंपॅरेटरच्या + पिनला थेट वायर न नेता १० के टाका, आणि आउटपुटपासून त्याच + पिनला १ मेगाओहम. आता लाल ११.५ला लागला तर १२च्या आसपास गेल्याशिवाय विझणार नाही.

बझर मात्र थेट ३३९वर ठेवू नका. बीसी५५७ (पीएनपी ट्रान्झिस्टर) घ्या: एमिटर प्लसला, कलेक्टर आणि ग्राउंडच्या मध्ये बझर, बेस १० केमधून लालच्या आउटपुटला, बेस–एमिटरमध्ये आणखी १० के. आउटपुटला पुल-अप (प्लसकडे वर ओढणारा रेझिस्टर) या जोडणीतूनच मिळतो, वेगळा लावायची गरज नाही. ३३९च्या सप्लायच्या पिन ३ आणि १२च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. (एलएम३२४ या ऑप-अँप आयसीच्या सवयीने सप्लाय ४ आणि ११ला जोडणारे बरेच भेटतात, तेही तपासा.) रिकाम्या कंपॅरेटरचे इनपुट ग्राउंड करा.

शेवटी प्रीसेट (फिरवून व्होल्टेज जुळवायचा छोटा रेझिस्टर) पुन्हा लावावा लागेल, हिस्टेरेसिसमुळे आधीची सेटिंग सरकलेली असेल. बॅटरीवर न लावता व्हेरिएबल सप्लायवर लावा. १३पासून हळूहळू खाली या आणि ११.५ला लाल लागेल असा फिरवा. वर जाताना लावलात तर आकडा अर्ध्या व्होल्टने चुकेल.