पावसाळ्यात ताटलीला तडे का जातात?

प्रश्न : स्टोनवेअर मातीच्या ताटल्या चाकावर करते. जूनपासून काठाला तडे जातात, आणि गेल्या भट्टीत दोन फुटल्याच. आठवडाभर सुकवल्या होत्या. काय चुकतं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुंबईच्या पावसात आठवडा मोजून उपयोग नाही. ताटली गालाला लावून पाहा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. तेच पाणी १०० अंशांना वाफ होऊन ताटली फोडतं. म्हणून भट्टी ८०-९० अंशांवर आणून, झाकण जरा उघडं ठेवून, चार-पाच तास तिथेच थांबवा. जाड तळ असेल तर रात्रभर. पुढे ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंशांहून जास्त चढवू नका, कारण ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं.

काठाचे तडे वेगळे. काठ पातळ, तो आधी सुकून आक्रसतो. तळ ओलाच राहतो आणि ओढाताणीत काठ चिरतो. पंख्याचा वारा तर मुळीच नको! काठावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा, मधला भाग उघडा ठेवा. माती चामड्यासारखी घट्ट झाली की ताटली प्लायवूडच्या फळीवर पालथी घाला, म्हणजे तळालाही हवा मिळेल. चाकावर असतानाच तळ मधून काठाकडे आणि परत मध्याकडे तीन-चारदा दाबून घ्या. हे बहुतेकजण टाळतात आणि मग तळाला इंग्रजी ‘एस’च्या आकाराची चीर पडते.

तडा गेलेली कच्ची ताटली बुजवत बसू नका. भिजवा, पुन्हा मळा. भाजण्याआधी माती वाया जात नाही.