लव्हक्राफ्टच्या भयकथा लोक अजून का वाचतात?

तुम्ही विचारलंय, 'लव्हक्राफ्टच्या कथांत धड भूत नसतं, कुणाचा सूडही नसतो, तरी जवळपास शंभर वर्षांनी लोक त्या का वाचतात? सुरुवात कुठून करू?' या अमेरिकन भयकथालेखकावरून माझा मामाशी याच मुद्द्यावर जुना वाद आहे, म्हणून लिहितोच.

मामा नारायण धारपांचा पक्का वाचक. त्याच्या मते भयकथेला कारण हवं. शाप, अपुरी वासना, मोडलेलं वचन, काहीतरी. एका मे महिन्यात त्याच्या वाडीत, ओटीवर बसून मी त्याला 'द कलर आउट ऑफ स्पेस' मराठीत सांगितली. १८८२ साली नेहम गार्डनर नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीशेजारी उल्का पडते. तिच्यात सापडलेला रंग माणसाने कधी पाहिलेलाच नाही. त्या हंगामात फळं धरतात ती कधी नव्हे एवढी मोठी, तुकतुकीत. तोंडात घातली की कडू. मग झाडं करडी पडून त्यांचा भुगा होतो, गुरं मरतात, बायकोला वेड लागतं, आणि घरची माणसं त्याच विहिरीचं पाणी पीत राहतात. मामा आंब्याच्या कलमांचा माणूस. फळांपर्यंत मान डोलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण रे, त्या नेहमने कुणाचं काय वाकडं केलेलं?"

कुणाचंच नाही! भीती तिथेच तर आहे. आपल्याकडे गाऱ्हाणं घालता येतं, राखण देता येते, कारण समोरच्याला काहीतरी हवं असतं. लव्हक्राफ्टकडे गाऱ्हाणं ऐकायलाच कुणी नाही. धारपांच्या कथांवरही मला त्याची छाया स्पष्ट दिसते, फक्त तिथे वाचवायला 'समर्थ' हे त्यांचं पात्र असतं. हे मामाला पटत नाही. मोहोरावर तुडतुडा पडतो तेव्हा कुठल्या कलमाने पाप केलेलं असतं, याचं उत्तर त्याने आजवर दिलेलं नाही. तुमच्या घरीही कुणी कारण मागितलं तर हेच विचारा.

सुरुवात याच कथेने करा. १९२७ साली 'अमेझिंग स्टोरीज'ने ती छापली आणि लेखकाच्या हातावर जेमतेम २५ डॉलर टेकवले. मग 'द कॉल ऑफ थुलू'. 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' लांबलचक आहे, ती घाईने घेऊ नका.

आणि हो, भाषा विशेषणांनी लदलेली आहे, आणि माणूस उघड वंशद्वेष्टा होता. 'द हॉरर ॲट रेड हुक'मध्ये तो द्वेष पानोपानी आहे. ती कथा वगळलीत तरी काही बिघडत नाही.