मुलीला प्रदूषण बोर्डात जायचंय, आणि वडील डाईंगमध्ये कामाला

दादा, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगमध्ये रंगाचं काम बघता, मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला प्रदूषण नियंत्रण मंडळात जायचंय, घरचे म्हणतात बीएड कर आणि मोकळी हो. शिवाय तुमच्या मनात एक वेगळीच धास्ती, की उद्या पोरगी आपल्याच शेठच्या कारखान्यावर तपासणीला आली तर काय.

आधी धास्तीचं बोलू, कारण मला वाटतं खरं अडलंय ते तिथंच. कापडाची ओली प्रक्रिया, म्हणजे डाईंग ब्लीचिंग, हे बोर्डाच्या लाल गटात, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत येतं. कारखाना बांधायच्या आधी एक कन्सेंट, म्हणजे बोर्डाची संमती, लागतं आणि चालू करायच्या आधी दुसरं, आणि त्यात लिहिलेलं असतं की पाणी किती सोडायचं आणि ते कसं असलं पाहिजे. हे सगळं १९७४ च्या पाणी कायद्यातून येतं, त्याच कायद्यात कलम ३३अ आहे, ज्यात बोर्ड कारखाना बंद करायला सांगू शकतं, लाईट पाणी तोडायला लावू शकतं. बंद झाला की घरी बसतो तो कामगार, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग वेळेत येऊन ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) नीट चालव म्हणून सांगणारा, नमुना घेणारा अधिकारी कामगाराच्या बाजूचाच झाला ना? आणि वडिलांच्या कारखान्याची फाईल आली तर तिने वरच्यांना लेखी कळवायचं, फाईल दुसऱ्याकडे द्या म्हणायचं, संपला विषय.

आता तुमच्याकडे असं काय आहे जे पुण्यातल्या कोचिंगवाल्यांकडे पण नाही ते सांगतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला मीठ टाकल्याशिवाय तो सुतावर नीट चढत नाही, हे तुम्हाला हाताने माहितीये. ते मीठ पाण्यातच राहतं. ईटीपीत तुरटी टाका, जिवाणू वाढवा, सीओडी (पाण्यातली घाण मोजायचा आकडा) खाली येईल, रंग कमी दिसेल, पण मीठ तसंच पुढं जाणार, ते काढायला आरओ नाहीतर पाणी आटवायची यंत्रणा लागते आणि तिथंच खर्च वाढतो म्हणून मालक टाळतो. पुस्तकातलं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते हेच. तिला एकदा रंगाच्या हौदापासून आउटलेटपर्यंत घेऊन जा, शेठला विचारून, आणि प्रत्येक ठिकाणी काय टाकता का टाकता ते सांगा. हे ऐकलेली मुलगी मुलाखतीला बसली की फरक कळतो हो.

तिने शिकायचं काय? नमुना घेणं. लोकांना वाटतं बाटली भरली की झालं, तसं नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, त्याची बाटली बुडबुडा न राहता भरायची, बर्फात ठेवायची, लवकर लॅबला पोचवायची, मग २७ डिग्रीला ३ दिवस, तेव्हा आकडा. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मानक लिटरला ३० मिलिग्रॅम बीओडी आहे, आणि आकडा त्याच्या वर आला तरी कोर्टात टिकायचा असेल तर कलम २१ प्रमाणे नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्ही सीलबंद, दोघांच्या सह्या, हे सगळं पाहिजे. एक सही राहिली की केस ढिली पडते. माझ्या मते या नोकरीत हुशारीपेक्षा हे काटेकोरपण जास्त लागतं, आणि ज्या मुलीचं प्रॅक्टिकलचं जर्नल स्वच्छ असतं तिला ते जमतं.

बीएडला माझा विरोध नाही, पण मन नसताना करू नये. एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स इथंच आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात आहे, होस्टेलचा खर्च नाही. सोबत गेट या देशपातळीवरच्या परीक्षेचा एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा पेपर बघावा, तो २०२१ पासून सुरू झालाय. बोर्डाची भरती दरवर्षी निघत नाही आणि पदाप्रमाणे अट बदलते, काही ठिकाणी केमिस्ट्री चालते काही ठिकाणी इंजिनिअरिंगच मागतात, म्हणून फक्त त्या जाहिरातीकडं डोळे लावून बसवू नका तिला. त्यात वर्षं जातात आणि पोरं खचतात. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने ढिगाने आहेत, बऱ्याच ठिकाणी डिस्टिलरी, तिथल्या स्पेंटवॉशसाठी (अल्कोहोल काढून उरलेलं घाण पाणी) लॅब केमिस्ट आणि ईटीपी सांभाळणारे लागतातच. पाणी तपासणाऱ्या खाजगी लॅब आहेत, भूजल सर्वेक्षणवाले आहेत, कन्सेंटचे अर्ज भरून देणारे कन्सल्टंट आहेत. पगार सुरुवातीला कमी असतो, खोटं सांगत नाही, पण हातात काम येतं आणि पुढं बोर्डाची जाहिरात निघाली की तोच अनुभव उपयोगी पडतो.

मुलीच्या जातीला हे काम झेपेल का, असंही विचारलंय तुम्ही. नाल्यात उतरून नमुने घेणाऱ्या मुली आज आहेत दादा. फिरती असते, उन्हात उभं राहावं लागतं, मालक लोक गोड बोलतात तसे दबाव पण टाकतात. हे तिला आधीच माहीत असू द्या, आणि घरी येऊन बोलता येईल एवढं वातावरण तुम्ही ठेवा.

आणि आपण सोलापूरकरांनी तर हे काम हलकं समजूच नये. आपण उजनीचं पाणी पितो, त्यात वरून पुणे पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरतं, दरवर्षी हिरवं पाणी आणि जलपर्णी दिसली की सगळे ओरडतात. तिकडचे एसटीपी (शहराचं सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प) चालतात का बंद आहेत हे कुणीतरी जाऊन तपासून लिहून ठेवायला पाहिजे ना, आणि ते लिहिणारं माणूस उजनीचं पाणी पिऊन वाढलेलं असलं तर मला जास्त बरं वाटेल.

पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या. शेवटच्या वर्षाला अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री किती झाली, कोणती उपकरणं हाताळली, इंग्रजी रिपोर्ट लिहायला अडतं का, एवढं कळवलं तरी एमएस्सी आधी की वर्षभर लॅबमध्ये काम आधी ते नीट सांगता येईल.